ऐकणाऱ्याची जागा

हे वाचायला घेण्याआधी हातातलं काम आटपून या. घाई काही नाही. जमिनीवर बसा, खुर्चीत बसा, लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली असेल तर तिथंच बसा. खांदे सैल सोडा. आजूबाजूचे आवाज बंद करण्याच्या मागे लागू नका, ते बंद होत नाहीत. मी माजिवड्याला राहते. पूर्व द्रुतगती महामार्ग मुंबईहून इथवर येतो आणि पुढे नाशिकच्या वाटेला लागतो, घोडबंदरचा रस्ता इथूनच फुटतो. उड्डाणपुलावरून जाणारे कंटेनर मध्यरात्रीही थांबत नाहीत आणि मेट्रोच्या कामाचा खडखडाट इथल्या माणसांच्या अंगवळणी पडला आहे. अशा नाक्यावर शांततेची वाट बघत बसलं तर पुस्तक उघडायचं राहूनच जाईल. म्हणून आवाज असू द्या. एकेक आवाज फक्त ओळखा. हा ट्रकचा, हा कुकरच्या शिट्टीचा, हा शेजारच्या घरातल्या टीव्हीचा. ओळखला की सोडून द्या. दोन-तीन मिनिटं एवढंच करा.

मी मराठी विषय घेऊन एम.ए. करते. लीळाचरित्रापासून कादंबरीपर्यंतचं जुनं साहित्य अभ्यासाला असतं आणि परीक्षेत प्रश्न येतो, ‘आशयसूत्रे स्पष्ट करा.’ आम्ही उत्तर लिहितो. भक्ती, वैराग्य, स्त्रीजीवनातलं दुःख, जातिव्यवस्था, समाजसुधारणा. ते उत्तर खोटं नसतं. पण परीक्षा झाल्यावर तीच पुस्तकं पुन्हा हातात घेतली, तेव्हा त्या सगळ्या सूत्रांच्या तळाशी मला एकच साधी गोष्ट दिसायला लागली. कुणीतरी कुणाला तरी काही विचारतं आहे, सांगतं आहे, आणि समोरचा ऐकतो की नाही यावर पुढचं सगळं ठरतं आहे.

आज एवढी एकच गोष्ट घेऊन बसू. काही जुन्या पानांपाशी थोडा थोडा वेळ थांबू. मध्ये मी थांबा म्हणेन, तिथं खरंच थांबा.

पहिली थांबायची जागा तेराव्या शतकातली. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या परिवारात महदाइसा नावाची एक बाई होती. लहानपणीच वैधव्य आलेली, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांची चुलत बहीण. चक्रधरांच्या आठवणींचं लीळाचरित्र उघडलं की ती पुन्हा पुन्हा भेटते आणि बहुतेक वेळा काहीतरी विचारताना भेटते. हे असं का, ते तसं का, याचा अर्थ काय, त्याच्या मागची गोष्ट काय. तिला संकोच वाटत नाही आणि एका उत्तराने तिचं समाधानही होत नाही. चक्रधर तिला उत्तरं देतात. ज्या काळात बाईने शास्त्रातलं काही विचारणं हेच अनेकांना अमान्य होतं, त्या काळात तिच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून मान मिळाला. बाईच्या मासिक विटाळाची कल्पनाच चक्रधरांनी मानली नाही, शरीराच्या इतर धर्मांसारखाच तो एक धर्म, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे महदाइसा महिन्यातल्या कुठल्याही दिवशी समोर बसू शकत होती आणि विचारू शकत होती.

आता तिच्यासमोर बसलेल्या माणसाचा विचार करा. रोज प्रश्न ऐकायचे आणि रोज उत्तर द्यायचं. मला वाटतं, महदाइसेच्या जिज्ञासेचं कौतुक आपण पुष्कळ करतो, पण ती जिज्ञासा टिकली, वाढली, कारण तिला ऐकणारा मिळाला. प्रश्न विचारणारी मुलगी घराघरात जन्माला येते. ‘गप्प बस’ हे ऐकून ती हळूहळू विचारायचं सोडते. महदाइसेला विचारायचं सोडावं लागलं नाही. पुढे रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाचा सोहळा करायचं निघालं, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आज आपण तिला ओळखतो ते त्या धवळ्यांमुळे.

धवळे हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नाही. माजिवड्याच्या गावठाणात आगरी-कोळ्यांची जुनी घरं आहेत, भोवती टॉवर उठले तरी ती आहेत. आगरी लग्नात धवला गातात आणि तो गाणारी धवलारीण नुसती गायिका नसते, लग्नाचे विधी तिच्या गाण्याच्या आधाराने पार पडतात. वर्गात महदाइसा शिकत असताना मी गावठाणातल्या एका आजींकडे गेले आणि म्हटलं, आजी, माझ्यासाठी धवला म्हणाल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “लगीन नाय, मांडव नाय, कनाला बोलू?” मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “ऐकाला बसशील? मंग बस.”

मी बसले. त्या किती वेळ गात होत्या ते मी मोजलं नाही. मध्येच थांबून त्या सांगायच्या की ही ओळ हळद लावताना, ही नवरा मांडवात येताना. गाणं कागदावर उतरवून घ्यायच्या इराद्याने मी वही नेली होती, ती मी उघडली नाही, कारण मान खाली घालून लिहायला लागले की त्या थांबत होत्या. मान वर केली की पुन्हा सुरू व्हायच्या. त्यांना वहीची गरज नव्हती, समोर चेहरा हवा होता. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या रिद्धपूरचे धवळे आणि ठाण्याच्या लग्नातला धवला यांच्यात नेमकं नातं काय, ते विद्वानांनी सांगावं. मला त्या दुपारी कळलं ते एवढंच, की हे गाणं ऐकणाऱ्याशिवाय ओठांवर येत नाही.

इथं थांबा.

डोळे मिटायचे असतील तर मिटा. आज सकाळपासून कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं असेल. कामाचं नाही, स्वतःबद्दलचं. घरी कामाला येणाऱ्या ताईंनी, रिक्षावाल्याने, आईने, ऑफिसातल्या एखाद्याने. ते आठवा. आता त्यांनी नेमके कुठले शब्द वापरले होते ते आठवा. अंदाजाने अर्थ सांगू नका, शब्द आठवा. आठवत नसतील तर तसंच बसून राहा. स्वतःला दोष देण्यासाठी हे करायचं नाही. ऐकलेलं मनात किती उरतं, एवढंच बघायचं.

लीळाचरित्र कसं तयार झालं, हे या प्रयत्नानंतर मला फार वेगळं दिसतं. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायचं मनावर घेतलं. हे म्हाइंभट सराळ्याचे, मोठे विद्वान, मुळात चक्रधरांशी वाद घालायला आलेले. आता तेच गृहस्थ ज्याने ज्याने स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे जाऊन विचारू लागले. काय म्हणाले होते? कुठे म्हणाले? समोर कोण होतं? नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली प्रसंग तपासून घेतले गेले. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर पाठभेद नोंदवले गेले. लीळेतली वाक्यं इतकी छोटी, इतकी बोलण्यातली का आहेत याचं उत्तर मला इथं सापडतं. ती ऐकलेली वाक्यं आहेत. वाद घालायला आलेला माणूस ऐकून घेणारा झाला आणि त्यातून मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ उभा राहिला. पांडित्य त्यांच्याकडे आधीपासून होतंच, नुसत्या पांडित्यातून हे झालं नसतं.

आता पुढे चला. १२९० साल, नेवासे. ज्ञानेश्वर गीतेवर बोलत आहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत, समोर निवृत्तिनाथ आणि संतसज्जन आहेत. ज्ञानेश्वरी वाचताना आपण अर्थाच्या मागे धावतो आणि ज्ञानेश्वर श्रोत्यांशी सतत किती बोलतात, ते निसटून जातं. नववा अध्याय ते सुरूच करतात श्रोत्यांकडे लक्ष मागून. तुम्ही मन देऊन ऐका, मग सगळं सुख तुमच्या हाती येईल, असा त्या मागण्याचा भाव. मागणं करतानाही त्यांना संकोच आहे, जाणत्यांसमोर आपण हे काय बोलतो आहोत असं ते म्हणतात. मूल आईबापांशी बोलतं त्या लाडाने बोलतात.

हाच अध्याय संपतो कसा, ते मला वाचायला घेतल्यावर बऱ्याच उशिरा दिसलं. कृष्णाचं सांगणं संपतं, ते ऐकून संजय भरून आलेला आहे आणि त्याच्यासमोर धृतराष्ट्र बसला आहे. ढिम्म. पुराच्या पाण्यात रेडा निवांत बसावा तसा, असं ज्ञानेश्वर म्हणतात. संजय मनात म्हणतो, इथे अमृताचा पाऊस पडला आणि हा मात्र इथे असूनही शेजारच्या गावाला गेलेला आहे.

या जागी मी फार वेळ थांबते. तुम्हीही थांबा.

कारण गीता सुरू कुणाच्या प्रश्नाने होते? धृतराष्ट्राच्या. युद्धभूमीवर माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केलं, हे त्यानेच विचारलं. संजय बोलतो आहे तो त्याने विचारलं म्हणून. अठरा अध्याय त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहेत. आणि ते उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण त्याला एकच गोष्ट ऐकायची आहे, माझे मुलगे जिंकत आहेत की नाहीत. बाकी सगळं बोलणं त्याच्या कानावरून वाहून जातं. त्याचं आंधळेपण सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या ऐकण्याबद्दल आपण कधी बोलत नाही.

विचारणारा ऐकतोच असं नाही, हे ज्ञानेश्वरांनी एका रेड्याच्या चित्रात सांगून टाकलं आणि ते पुढच्या अध्यायाकडे वळले.

आता स्वतःकडे वळा. ‘कशी आहेस?’ हा प्रश्न आपण दिवसातून किती जणांना विचारतो. माजिवड्याच्या बसथांब्यावर, लिफ्टमध्ये, फोनवर. विचारतो आणि शेजारच्या गावाला निघून जातो. अलीकडे असा एखादा प्रश्न तुम्ही कुणाला विचारला, ते आठवा. त्या माणसाने दिलेलं उत्तर आठवा. ते उत्तर मनात पुन्हा एकदा, त्याच्याच आवाजात, शेवटपर्यंत ऐका. मध्ये तुमचं म्हणणं घालू नका. एवढंच.

श्वास येतो-जातो तेवढा वेळ बसून राहा आणि मग माझ्याबरोबर पुण्याला चला. साल १८५५.

‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनऱ्यांचं नियतकालिक. त्याच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एक निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वय चौदाच्या आसपास. मी स्वतः विद्यार्थिनी आहे, म्हणून असेल, पण जुन्या मराठी साहित्यातल्या सगळ्या लिहिणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात जवळची वाटते ती ही मुलगी. तिच्या हातात ग्रंथांची परंपरा नव्हती. गुरुकुल नव्हतं. थोडी वर्षं शाळा आणि डोळ्यांसमोरचं जगणं, एवढ्यावर ती लिहायला बसली.

तिने केलेली मांडणी पायरीपायरीने वाचा. वेद आमचेच, ते इतरांनी पाहू नयेत, असं ब्राह्मण म्हणतात. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, हे उघड झालं. आणि धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित आहोत, हेही उघड झालं. मग हे भगवंता, आमचा धर्म कोणता, तो तूच आम्हाला सांग. हा युक्तिवाद रडून केलेला नाही. समोरच्याचं विधान घेऊन ते त्याच्या शेवटापर्यंत नेलेलं आहे, आणि तिथं पोचल्यावर ती माणसांकडे दाद मागतच नाही, थेट देवाला विचारते. तिच्या आसपासच्या जगात तिला ऐकणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

मग ती आपल्या बायांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. डोक्यावर छप्पर नाही, अशा वेळी ऊन, पाऊस, थंडी सोसत त्या बाळंत होतात. बाळंतपणात काही रोग झाला तर औषधाला पैसा कुठला आणि वैद्य कुठला. चौदा वर्षांची मुलगी हे लिहिते आहे. या वाक्यापाशी येऊन मी पुस्तक खाली ठेवते. जिने हे बघितलं असेल, वस्तीत शेजारच्या बाईच्या बाबतीत बघितलं असेल, तीच हे असं लिहील. पाठ केलेलं उत्तर असं नसतं.

इथं बराच वेळ थांबा. एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर बसलेल्या मुली. त्यातली एक उठते आणि स्वतः लिहिलेलं वाचते. तुम्ही कुठे बसला आहात? शिक्षकाच्या जागी? तिच्या शेजारी? दाराबाहेर? जागा मनाने निवडू नका, तुमच्या जन्माने आणि तुमच्या घराने तुम्हाला कुठे बसवलं असतं, तिथं बसा. मीही बसते. माझी जागा मला माहीत आहे, माझ्या घरी वेदांची पोथी होती. ज्या विधानाला मुक्ता उत्तर देते आहे ते माझ्या घरात पिढ्यान्पिढ्या बोललं गेलेलं विधान आहे. म्हणून तिचा निबंध मला ‘सामाजिक पार्श्वभूमी’ म्हणून वाचता येत नाही. तो माझ्याशी बोलतो.

ऐकणं म्हणजे कीव करणं नाही, हेही मी तिच्याकडून शिकले. निबंधाच्या शेवटाकडे ती आपल्याच लोकांकडे वळते. मांग-महारांनो, तुम्ही रोगी आहात आणि ज्ञान हे तुमचं औषध आहे, अभ्यास करा, असं सांगते. जिला कुणी ऐकणारं नव्हतं ती दुसऱ्यांना हाक मारते. तिच्या या हाकेला आपली कीव मुळीच नको आहे. साहित्याच्या अभ्यासक्रमात या निबंधाचा उल्लेख अनेकदा सुधारणेच्या इतिहासातली एक नोंद म्हणून होतो. माझं मत स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यातलं हे अव्वल दर्जाचं लेखन आहे, आणि निबंध कसा लिहावा हे शिकवायचं असेल तर निबंधमालाकार चिपळूणकरांच्या आधी मुक्ता शिकवावी.

आता एका कादंबरीची नायिका, यमू. तिच्याकडे जाताना मी नेहमी कचरते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. सव्वीस वर्षांचा पुरुष एका मुलीच्या तोंडून तिची पूर्ण हकिगत सांगायला बसतो. लहानपणीचं घर, दादा, मैत्रीण दुर्गी, आईचं जाणं, सासर, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे सुखाचे दिवस, लिहायला-वाचायला शिकणं आणि मग वैधव्य. सासरच्या शंकरमामंजींच्या हुकमतीतल्या घरात तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. कादंबरी येत होती त्याच दिवसांत संमतिवयाचा वाद पेटला होता, १८९१ च्या मार्चमध्ये कायदा होऊन संमतीचं वय दहावरून बारावर आलं. सभांमधून, वर्तमानपत्रांतून पुरुष मुलींबद्दल भांडत होते. मुलगी स्वतः बोलते आहे असं क्वचितच घडत होतं. या आठवड्याच्या अंकात ते घडत होतं, आणि तीसुद्धा कल्पनेतली मुलगी होती.

यमूच्या आयुष्यात ऐकणारी माणसं नव्हती असं नाही. दादा ऐकत होता. नवरा ऐकत होता, तिला वाचायला शिकवत होता. माझ्या मते या कादंबरीचं सगळ्यात मोठं दुःख तेच आहे. एकदा कुणीतरी ऐकतं हे कळल्यावर ते काढून घेतलं जाणं. दुर्गीच्या वाट्याला आलेला संसार यमूपेक्षा किती वेगळा आणि किती वाईट, हे वाचलं की कळतं, तिथं ऐकणारं माणूस सुरुवातीपासूनच नव्हतं.

वाचक म्हणून आपण कुठे असतो? यमू सांगते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. आपण पान उलटतो आणि उशिरा पोचतो, दर वेळी. तिचे केस वाचवता येत नाहीत. मग या वाचण्याचा उपयोग काय, असा प्रश्न मला वर्गात एका मैत्रिणीने विचारला होता. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज मी म्हणेन, एका यमूला वाचवता आलं नाही, पण शेवटपर्यंत ऐकून घेतल्याने कान तयार होतो. पुढच्या वेळी स्वयंपाकघरातून येणारी शांतता ही नुसती शांतता नाही, हे त्या कानाला कळतं.

इथं थांबा. घरातल्या एका बाईचा विचार करा, जिने तुम्हाला कधीच काही सांगितलेलं नाही. तिला काय सांगायचं असेल याचा अंदाज करू नका. तिने सांगितलेलं नाही, एवढंच लक्षात घ्या आणि तसेच बसून राहा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राबद्दल मी थोडंच बोलते, ते पुस्तक स्वतःच इतकं बोलकं आहे. सोवळ्याने पछाडलेले वडील, घरात येणारी वस्तू धुऊन घेणारे. विक्षिप्त आणि थोर नवरा, १८९५ मध्ये त्याने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, त्यानंतरची ताटातूट आणि पुन्हा एकत्र येणं. एवढं सोसूनही त्यात तक्रारीचा सूर नाही, मिश्कीलपणा आहे. यमूनंतर लगेच वाचली तर लक्ष्मीबाई हात धरून बाहेर काढतात. कुणी ऐकतं की नाही याची वाट न बघता ही बाई बोलत सुटली, आणि मग सगळा महाराष्ट्र ऐकत बसला.

आता ठाण्याला परत येऊ. स्टेशनच्या बाजूला गेलात तर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १ जून १८९३ ला सुरू झालेलं. ते काढणाऱ्यांमध्ये विनायक लक्ष्मण भावे होते, तेव्हा जेमतेम एकविशीचे. मिठाचा व्यवसाय आणि नाद जुन्या ग्रंथांचा. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं, जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास, आणि सांकेतिक लिपीत बंदिस्त राहिलेल्या महानुभावांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून देणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव अग्रभागी आहे. महदाइसा आज माझ्या वर्गात आहे, यात या ठाणेकराचाही वाटा आहे. वाचनाची आवड अनेकांना असते. आपल्या आधी बोलून गेलेल्यांचं बोलणं पुढच्यांना ऐकू जावं म्हणून एकविशीत जागा, कपाटं आणि वर्गणी जमवायला निघणारे थोडे. माझ्या वयाच्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते.

माजिवड्यात आज बोलणारी माणसं कमी नाहीत. पुलाखाली जेवणाच्या पिशव्या घेऊन थांबलेली डिलिव्हरीची मुलं आहेत, बाराबारा तासांची पाळी करणारे सुरक्षारक्षक आहेत, मेट्रोच्या कामावर आलेले परप्रांतातले मजूर आहेत, सकाळी एका टॉवरमधून दुसऱ्या टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्या बाया आहेत, आणि गावठाणात धवला येणाऱ्या आजी आहेत, ज्यांच्या नाती लग्नात डीजे लावतात. यांतल्या कुणाचं बोलणं उद्याचं अभिजात साहित्य होईल, हे आज कुणाला सांगता येणार नाही. मुक्ताच्या वर्गात बसलेल्यांनाही ते सांगता आलं नसतं. पण तिचं लिहिलेलं कुणीतरी घेतलं, छापलं, जपलं. ती साखळी एका माणसाच्या ऐकण्याने सुरू झाली.

शेवटचं थांबणं आता. या साऱ्यांतला एक आवाज निवडा. महदाइसेचा प्रश्न, संजयाचं भरून आलेलं मन, मुक्ताचा युक्तिवाद, यमूची हकिगत किंवा लक्ष्मीबाईंचं हसू. कुठलाही एक. तो आवाज तुमच्याशीच बोलतो आहे असं समजा. उत्तर तयार करू नका. त्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्या. मनात तुमचं मत उगवलं तर त्याला थोडं बाजूला बसवा आणि पुन्हा ऐका. बाहेरचे ट्रक, कुकर, टीव्ही सुरूच असतील. असू द्या.

आणि एक विनंती. मुक्ता साळवेचा निबंध छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि आज सहज मिळतो. या आठवड्यात तो मोठ्याने वाचा, घरातल्या एका तरी माणसाला समोर बसवून. वाचून झाल्यावर त्याच्या अर्थावर लगेच बोलू नका. समोरच्याला विचारा, तुला काय वाटलं, आणि तो बोलेल ते शेवटपर्यंत ऐका.